पस्तीस मिनिटं हलायचं नाही

डोळे मिटले आहेत. झोप अजून आलेली नाही, पण दाराशी उभी राहून आत येऊ का म्हणून विचारते आहे. अर्धी गोळी दिली आहे मला. पूर्ण का नाही, असं विचारलं तर स्कॅन काढणाऱ्या तबस्सुम मॅडम म्हणाल्या, "पूर्ण घेतली की माणूस घोरतं. घोरलं की मान हलते. मान हलली की फोटो बिघडतो." म्हणजे माझ्या झोपेचं मापही यांनीच ठरवायचं.

मी मिरजेच्या एका स्कॅन सेंटरमध्ये, यंत्राच्या पोटात, उताणी पडले आहे. गळ्याभोवती प्लॅस्टिकची जाळी बसवली आहे, कानांवर जाड हेडफोन आहेत आणि डाव्या हातात रबरी फुगा. फारच असह्य झालं तर तो दाबायचा, मग तबस्सुम मॅडम मला बाहेर ओढणार. छत नाकापासून चार बोटांवर आहे. मानेचा एमआरआय काढायचा आहे. पस्तीस मिनिटं हलायचं नाही, बोलायचं नाही, आवंढासुद्धा जपून गिळायचा.

हा तिसरा प्रयत्न. पहिल्या वेळी मी चौथ्या मिनिटाला फुगा दाबला आणि बाहेर येऊन, गादी किती कडक आहे यावर तबस्सुम मॅडमना चांगलं सुनावलं. दुसऱ्या वेळी आत गेलेच नाही. कपडे बदलायच्या खोलीची कडी नीट लागत नाही, अशा ठिकाणी बायकांनी कपडे कसे बदलायचे, असं म्हणून तणतणत रिक्षात जाऊन बसले.

उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं चार महिन्यांपासून बधिर आहेत. मी इचलकरंजीत कापड तपासते, अठ्ठावीस वर्षं झाली. काचेच्या टेबलाखाली दिवा असतो, वरून कापड सरकत जातं, आणि तुटका धागा, जाड धागा, तेलाचा डाग दिसला की खडूने खूण करायची. गेल्या महिन्यात माझ्या हातातून खडू पडला आणि तो पडल्याचं मला कळलंच नाही. मी मोकळ्या बोटांनी खुणा करत बसले होते. डॉक्टर म्हणाले, मानेत नस दबली असणार, पण फोटो बघितल्याशिवाय ऑपरेशनचं मी काही सांगणार नाही, आणि तुम्ही असाच उशीर करत राहिलात तर हात परत येणार नाही. इतकं सरळ आहे सगळं. पस्तीस मिनिटं पडून राहायचं आणि हात वाचवायचा.

या पस्तीस मिनिटांसाठी गावाने मला उपाय सांगितले. माझ्या मुलीने, स्नेहलने, मोबाइलवर एक बाई लावून दिली. ती बाई गोड आवाजात सांगते, श्वास घ्या, चार मोजा, सोडा. श्वासाकडे लक्ष दिलं की मला तो पुरत नाही. चोपन्न वर्षं तो आपला आपण चालला होता, कोणी मोजायला बसलं नव्हतं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, स्तोत्र म्हणा. म्हटलं. मध्येच एक ओळ विसरले आणि ती आठवेना म्हणून आणखी घाम फुटला. कामावरच्या एकीने चित्रं रंगवायची वही आणून दिली, मन शांत होतं म्हणाली. बोटं बधिर झालेल्या बाईला रंगवायची वही. आणि आत्ता, यंत्रात सरकवता सरकवता, तबस्सुम मॅडम म्हणाल्या, डोळ्यांसमोर छान समुद्रकिनारा आणा. मी समुद्र एकदाच बघितला आहे, गणपतीपुळ्याला, आणि त्याने माझी एक चप्पल नेली.

शांत राहा, असं कोणी सांगितलं की माझं डोकं फिरतं. शांत राहता आलं असतं तर राहिले नसते का?

यंत्र सुरू होतं. आधी ठक, ठक, ठक. मग भुर्रर्र. मग जरा थांबतं, आणि एकदम खडाखड, खडाखड, खडाखड. छत मिटल्या पापण्यांआडूनही जाणवतं आहे. मी फुगा धरून आहे. खडाखड चालूच आहे, आणि त्या आवाजाच्या कडा हळूहळू मऊ पडतात, म्हणजे आवाज तेवढाच आहे पण तो आता बाहेरचा राहिलेला नाही. हा आवाज मला माहीत आहे.

"सरक की जरा," कोणीतरी म्हणतं.

पायांच्या बाजूने आप्पा आत येत आहेत. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, बंडीवर सुताची कुसळं. जागा नाही, तरी ते मावतात.

आप्पा म्हणजे माझे वडील. सारं इचलकरंजी त्यांना इराप्पा जॉबर म्हणायचं. जॉबर म्हणजे मागांच्या शेडमधला मिस्त्री. चोवीस माग एकदम चालू असताना डोळे मिटून उभं राहायचं आणि त्यातला कुठला बिघडला आहे ते ऐकून सांगायचं, अशी त्यांची ख्याती होती. त्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. हे मला आत्ताही पक्कं माहीत आहे, पण ते विषय काढत नाहीत म्हणून मीही काढत नाही.

"सरकायचं न्हाई म्हणून सांगितलंय," मी म्हणते. आप्पांशी बोलताना माझी भाषा आपोआप घरची होते. "पस्तीस मिनिटं."

"कोण म्हणालं?"

"भाईर मॅडम हायत."

त्यांच्या कानांत सुताचे बोळे आहेत, हातात तेलाची बुधली आहे आणि कमरेला, धोतराच्या गाठीत, हातभर लांबीचा पाना अडकवलेला आहे.

"आप्पा, लोखंड आत आणायचं न्हाई. फॉर्मवर सही केलीया मी."

"ह्यो?" ते पान्याकडे बघतात. "जुना हाय."

"जुना असला म्हणून काय झालं? लोखंडच न्हवं?"

"असू दे की."

ते पाना काढतात आणि माझ्या छातीवर ठेवतात. मी डोळे गच्च मिटते. यंत्राने तो खेचला तर छताला जाऊन आदळेल, मला घेऊन आदळेल. पण काहीच होत नाही. यंत्राला मेलेल्या माणसाचा पाना दिसतच नाही बहुतेक. आप्पा तळवा भिंतीला लावून ऐकतात.

"आठ नंबर. धोटा अडखळतोय."

"ह्यो माग न्हवं आप्पा. सूत नेणारा धोटा हितं कुठला?"

"मग एवढा आवाज कशाला?"

"माझ्या मानंचा फोटो काढत्यात."

"आवाजानं?"

"व्हय."

"कायबी," ते म्हणतात, आणि पुन्हा भिंतीला कान लावतात.

मला संताप येतो. आयुष्यभर हेच. समोर माणूस पडलेलं असलं तरी यांचा कान यंत्राला. मी काही बोलायला मान वळवते, आणि मान वळते, कोणी ओरडत नाही, कारण आम्ही शेडमध्ये उभे आहोत.

पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काठ्या खाली आल्या आहेत आणि त्यांच्यात सुताची धूळ तरंगते आहे. दोन्ही बाजूंना माग, मध्ये जेमतेम एका माणसापुरती वाट. माझ्या हातात डबा आहे. मी दुपारी शाळेतून येऊन आप्पांचा डबा घेऊन जायचे. शेडमध्ये कोणाचंच बोलणं कोणाला ऐकू यायचं नाही. ओठ मोठे हलवून आणि हातवारे करून सगळा कारभार चालायचा, आणि मलाही लहानपणीच ओठ वाचता यायला लागले होते. पण आप्पा कायम पार टोकाला, पाठमोरे किंवा उन्हाच्या आड. तिकडून त्यांचं तोंड तेवढं उघडताना, मिटताना दिसायचं. सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका मला खूण करून सांगायच्या, तुझा बाप भजन म्हणतोय. मला ते खरं वाटायचं. घरी त्यांनी कधी एक ओळ म्हटली नाही, पण मागावर म्हणतात, याचा मला अभिमान होता.

घरात काही बिनसलं की आप्पा उठायचे. चुलत्याचं भांडण असो, माझा ताप असो, घराची भिंत खचलेली असो. "जरा माग ऐकून येतो" म्हणायचे, की गेले. सुट्टीच्या दिवशीसुद्धा कुठल्या ना कुठल्या मालकाची शेड चालू असायचीच. ते तासाभराने, दोन तासांनी परत यायचे, चेहरा धुतल्यासारखा, आणि जेवायला बसायचे. आम्ही इकडे काळजीने अर्धे झालेलो असायचो. त्यांचा उपाय त्यांच्यापुरता होता.

सातव्या आणि आठव्या मागाच्या मध्ये एक बाक आहे. दवाखान्याचा हिरवा बाक. मी त्यावर बसले आहे आणि पाय जमिनीला टेकत नाहीत. मी अकरा वर्षांची आहे, फक्त उजव्या हाताची बोटं चोपन्न वर्षांची आहेत, बधिर. समोरच्या दाराआड आई आहे. आत बायका पळताहेत. कोणीतरी रक्ताने भरलेली चादर माझ्या अंगावरून नेते.

एक नर्स येऊन उभी राहते. तिच्या हातात फॉर्म आहे.

"शरीरात कुठं लोखंड आहे का?" ती विचारते.

"न्हाई."

"बंद जागेची भीती?"

"न्हाई."

"बाप कुठाय तुझा?"

"मागावर," मी म्हणते.

ती माझ्याकडे बघते. त्या दिवशीही तिने असंच बघितलं होतं. मी त्या बाकावर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत एकटी बसले होते. येणारा-जाणारा प्रत्येक जण मला तेच विचारत होता आणि मी प्रत्येकाला तेच सांगत होते. आई वाचली. बाळ नाही वाचलं. आप्पा आले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं, आणि ते मला म्हणाले, "जेवलीस का?"

मी बाकावरून उतरते. टोकाला आप्पांची पाठ दिसते आहे. मी त्यांच्या मागे जाते. पायाखालची फरशी सरकते आहे, कारण ती फरशी नाही, ते कापड आहे, माझ्या टेबलावरचं, खालून दिवा लागलेलं, आणि मी त्याच्यावरून चालते आहे. पांढरंस्वच्छ कापड, पण दर वीस पावलांवर तेलाच्या बोटांचे ठसे.

"आप्पा, हात पुसत चला की. कापड खराब हुतंय."

ते थांबत नाहीत.

"सगळं नापास हुणार. मला खुणा कराय लागत्यात. माझ्या हातात खडू राहत न्हाई."

ते थांबतात. मी त्यांना गाठते. आता पुन्हा दोन्हीकडे माग आहेत आणि आवाज इतका आहे की दात हलताहेत. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहते, पहिल्यांदाच, उन्हाच्या काठीच्या अलीकडे, चेहरा नीट दिसेल अशी.

"कुठं हुता तुम्ही त्या दिवशी?"

त्यांचे ओठ हलतात. ऐकू काही येत नाही, पण वाचता येतं. हितंच.

"का?"

ते कानातला बोळा काढतात, बघतात, परत घालतात. मग ओठ हलतात. दोनच शब्द. मी ते वाचते आणि मला पटत नाही, म्हणून पुन्हा बोला अशी खूण करते. ते पुन्हा बोलतात. भ्यालो हुतो.

"माग ऐकून भ्या जातंय व्हय?"

ते मान हलवतात. ऐकत नव्हतो, म्हणतात.

मग ते दोन मागांच्या मध्ये जाऊन उभे राहतात, पाय फाकवून, जड काही उचलताना उभं राहतात तसे. तोंड उघडतात. मानेच्या शिरा टम्म होतात, डोळे बाहेर येतात, सगळं अंग हादरतं. हे भजन नाही. आप्पा ओरडत आहेत. बेंबीच्या देठापासून, पोटातलं सगळं काढून ओरडत आहेत आणि चोवीस माग त्यावर खडाखड चालले आहेत. कांडीवाल्या बायका आपापल्या कांड्यांकडे बघत हसत आहेत. इराप्पा आज रंगात आहे, अशी खूण एक जण दुसरीला करते.

मी त्यांचे ओठ वाचते. अनसूया. अनसूया. अनसूया.

माझ्या आईचं नाव. आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नसे. आप्पा आईला "ऐकलंस का" म्हणायचे, लोकांत "शशीची आई" म्हणायचे. उखाण्यातसुद्धा त्यांनी ते नाव कसंबसं पुटपुटलं असणार. पुढे आई गेली, तोवर तिला ते नाव त्यांच्या तोंडून नीट ऐकायला मिळालेलं नव्हतं.

मला रडू यायला हवं. पण येतो तो राग.

"हितं?" मी म्हणते. "हितं वरडत हुता? जिथं कुणाला ऐकू येत न्हाई तिथं?"

म्हणून तर, आप्पांचे ओठ म्हणतात.

"आई तिकडं. मी तिकडं. आणि तुम्ही हितं लोखंडाला सांगत हुता?"

"तिथं कसं वरडणार?" आता त्यांचा आवाज मला ऐकू येतो, जरी माग चालूच आहेत. "दवाखान्यात? बापमाणसानं?"

"वरडू नका. नुसतं सांगायचं."

"काय सांगायचं?"

"भ्यालोय म्हणून."

"कुणाला? तुला? अकरा वर्साच्या पोरीला?"

"मी काय बागंत बसल्ते व्हय? मी बी भ्यालते. बाजूला यून बसला असता तर दोघं मिळून भ्यालो असतो."

आप्पा मागाकडे वळतात. पान्याने उगीच एका मागाच्या नटाला हात लावतात. तो नट घट्ट आहे, त्यांनाही दिसतंय, मलाही दिसतंय. मला त्यांच्या हातातून पाना हिसकावून घ्यावासा वाटतो. चाळीस वर्षांनी एक प्रश्न विचारला तर हा माणूस नट आवळतो आहे.

"तू सांगतीस व्हय कुणाला?" ते नटाकडे बघत म्हणतात.

"माझं काय?"

"गादी कडक हाय म्हणालीस."

"हुतीच कडक."

"कडी लागत न्हाई म्हणालीस."

आता मी त्या नटाकडे बघते.

"कडी लागत हुती, शशे," आप्पा म्हणतात, आणि माझ्याकडे बघतात.

मेलेल्या माणसाने स्कॅन सेंटरची कडी तपासून यावी याला काय म्हणायचं? मला त्यांना सांगायचं आहे की तुम्ही कोण विचारणारे, आयुष्यभर पळालात आणि आता मला शिकवायला आलात, तेही फॉर्म न भरता, पाना घेऊन. मला सांगायचं आहे की मी रागीट आहे, भित्री नाही, साऱ्या गल्लीला विचारा. मी तोंड उघडते आणि तोंडातून ते येत नाही. दुसरंच येतं.

"मला भ्या वाटतंय."

माग खडाखड चालले आहेत. कोणाला ऐकू गेलेलं नाही. म्हणून मी मोठ्याने म्हणते. मग आणखी मोठ्याने. खडू पडला तो मला कळला नाही, मी ओरडते. उद्या दुधाचं पातेलं पडेल. परवा स्नेहलला माझी वेणी घालावी लागेल. ते छत खाली येतंय, ते नाकाला लागतंय, मी आत मेले तर भाईर कळायचं न्हाई. माझा हात जाणार. माझा हात जाणार, आप्पा. मी पाय फाकवून उभी आहे, आणि समोर, दोन हातांवर, आप्पाही ओरडत आहेत, त्यांचं ते नाव. दोघांचं एकमेकांना ऐकू येत नाही. मी त्यांचे ओठ वाचते आणि ते माझे वाचताहेत. बायका आम्हा दोघांकडे बघून माना डोलवत आहेत.

किती वेळ जातो कळत नाही. बरं वाटतं का? वाटतं. खोटं कशाला बोलू. पण घसा सोलवटतो, आणि ओरडून झाल्यावर मी बघते तर आप्पांचा चेहरा धुतल्यासारखा झाला आहे, जेवायला बसायचे तेव्हा व्हायचा तसा. हा उपाय अर्धाच आहे. ते मोकळे होऊन घरी यायचे आणि आम्हाला काय झालं ते कधी कळायचं नाही.

"आप्पा, हे पुरत न्हाई," मी म्हणते.

ते हात वर करतात. माग बंद करायची ती खूण. एक माग थांबतो, मग दुसरा, मग सगळे. धूळ खाली बसायला लागते. इतकं शांत होतं की मला माझं गिळणं ऐकू येतं. मी वाट बघते. आता ते जे बोलतील ते मला कानांनी ऐकू येणार आहे. आप्पा तोंड उघडतात, माझ्याकडे बघतात, तोंड मिटतात. शांततेत बोलायची त्यांना सवयच नव्हती. पाना पुन्हा माझ्या छातीवर आहे. ते तो उचलतात, धोतराच्या गाठीत खोचतात आणि पायांच्या बाजूने निघून जातात.

"झालं. डोळे उघडा."

पांढरा दिवा. तबस्सुम मॅडमचा चेहरा उलटा दिसतो आहे. मी बाहेर आहे, हातात फुगा आहे, न दाबलेला.

"पस्तीस मिनिटं?" मी विचारते. आवाज फाटका निघतो.

"सदतीस. पण शेवटची सिरीज परत घ्यायला लागणार."

"का?"

"तुम्ही बोलत होतात."

"मी कशाला बोलेन?"

"ते मला काय माहीत? पाय हलले नाहीत, हात हलले नाहीत, म्हणून मला वाटलं झोपलात. यंत्राच्या आवाजात आम्हाला काही ऐकू येत नाही. फोटो आल्यावर कळलं."

"दाखवा."

"आता उठलात तर जाळी पहिल्यापासून बसवायला लागेल."

"बसवा. बघितल्याशिवाय मी परत आत जाणार नाही."

त्या सुस्कारा सोडतात आणि मला उठवतात. काचेपलीकडच्या खोलीत पडद्यावर माझी मान उभी कापून ठेवली आहे. आधीचे फोटो लख्ख आहेत, मणके एकावर एक, आणि एका जागी पांढरी रेघ चेपलेली. मी बोट ठेवते. तबस्सुम मॅडम म्हणतात, ते डॉक्टर सांगतील, मी काही सांगणार नाही. मग त्या शेवटचा फोटो लावतात.

मणके पाण्यातल्यासारखे थरथरलेले. आणि पुढे माझा जबडा, एक नाही, तीन-चार, एकात एक, वरचा मिटलेला आणि खालचा पार गळ्यापर्यंत उघडलेला. इतकं तोंड उघडून मी आयुष्यात बोलले नसेन, आणि मी काही कमी बोलणारी बाई नाही.

"कोणाशी बोलत होतात?" तबस्सुम मॅडम विचारतात.

"वडिलांशी."

"बाहेर बसलेत का ते?"

"नाही. वारले."

त्या मान हलवतात.

"हा फोटो मला पाहिजे," मी म्हणते.

"हा बिघडलेला आहे. हे आम्ही देत नाही."

"मला हाच पाहिजे."

त्या माझ्याकडे बघतात, माझ्याशी वाद घालून काय मिळतं ते त्यांना दोन खेपांत कळलेलं आहे. शेजारचं यंत्र घरघरतं आणि काळी फिल्म बाहेर येते. गरम आहे. मी ती डाव्या हातात धरते, कारण उजव्यात गरम कळत नाही.

परत गादीवर. परत जाळी. तबस्सुम मॅडम एक खटका बसवतात. "पाचच मिनिटं. बोलायचं नाही या वेळी. उरलेली अर्धी गोळी देऊ?"

"नको."

यंत्र बंद आहे. खोलीत नुसता एसीचा आवाज आहे, आणि तोही बारीक. जे बोलेन ते त्यांना ऐकू जाणार. गादी कडक आहे, असं ओठांवर येतं. खरंच कडक आहे.

"मॅडम," मी म्हणते. "मला भीती वाटते."

दुसरा खटका बसवता बसवता त्यांचा हात थांबतो.

"मग दोनदा भांडून कशाला गेलात?" त्या म्हणतात, चांगल्याच वैतागलेल्या. "आधीच सांगायचं ना. मला वाटलं, तुम्हाला आमचं सेंटरच पसंत नाही."

"आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं."

त्या दुसरा खटका बसवतात. काचेपलीकडच्या मदतनीस बाईंना यंत्र चालवायची खूण करतात, मनगटावरचं घड्याळ काढून बाहेर ठेवून येतात, स्वतःच्या कानांवर हेडफोन चढवतात. माझी गादी आत सरकते. छत येतं, चार बोटांवर. त्याच वेळी माझ्या डाव्या घोट्यावर एक हात येतो, गच्च.

यंत्र सुरू होतं. आता कोणाचंच बोलणं कोणाला ऐकू येणार नाही. मी तोंड मिटून पडून राहते. भीती तेवढीच आहे. घोट्यावरचा हात पाचही मिनिटं निघत नाही.